तार, वेटोळे आणि नरिमन प्रिंटर

हॅम रेडिओची ओळख करून द्यायला आम्ही एखाद्या शाळेत-कॉलेजात गेलो की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओची. बावीस वर्षांची उषा मेहता, चौपाटीची इमारत, मागावर असलेले पोलीस... आणि मग जरा छाती फुगवून पुढचे वाक्य : तो ट्रान्समीटर उभारणारा नरिमन प्रिंटर आपल्यातलाच, परवानाधारक हॅम! टाळ्या. चहा. (प्रिंटर हे आडनाव आहे बरं का. पारशी मंडळींत धंद्यावरून अशी आडनावे असतात.)

गोष्ट खरी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी सांगायच्या आधी मला एका दुर्लक्षित डब्याबद्दल बोलायचे आहे, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. तो डबा म्हणजे अँटेना ट्यूनर.

आता तुम्ही म्हणाल, हे काय नवीन? सोपे आहे. आमच्या वटारच्या वाडीतले उदाहरण देतो. दोन इंची मोटरीला अर्ध्या इंचाची नळी जोडली तर पाणी पुढे जात नाही, मोटर मात्र तापते. ट्रान्समीटर आणि अँटेनाचे तसेच. अँटेनाची तार योग्य मापाची नसली तर शक्ती हवेत जायच्याऐवजी मागे फिरते आणि यंत्रातले व्हॉल्व्ह लाल होतात. मग मध्ये एक तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि एक-दोन फिरते कंडेन्सर घालायचे आणि हळूहळू फिरवत दोघांचे जुळवून आणायचे. हाच ट्यूनर. तारेची लांबी तो बदलत नाही, पण ट्रान्समीटरला ती बरोबर आहे असे भासवतो. मध्यस्थच म्हणा ना.

आज हे काम स्वयंचलित यंत्रे काही सेकंदांत करतात. १९३०-४० च्या काळात मात्र हात आणि डोळे. अँटेनाच्या तारेत बॅटरीचा छोटा बल्ब किंवा अँपिअर मोजणारा मीटर अडकवायचा आणि तो जास्तीत जास्त कधी उजळतो किंवा वर चढतो ते बघत बटणे फिरवायची. अमेरिकेत आर्थर कॉलिन्सने १९३४ साली दोन कंडेन्सर आणि एका वेटोळ्याची पाय-नेटवर्क जोडणी अँटेनासाठी वापरायची पद्धत छापून आणली, तिने जगभरच्या हॅम लोकांचे काम बरेच सोपे केले. कुठलीही वेडीवाकडी तार बांधा, जुळते!

माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातल्या १९ नंबरच्या लष्करी सेटचा व्हेरिओमीटर आहे, मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेला. त्यात एका वेटोळ्याच्या पोटात दुसरे वेटोळे फिरते, बस्स. रणगाड्यावरच्या काठीवजा अँटेनाशी सेटचे जुळवायला तो असे. (या सेटच्या कॅनडात बनलेल्या काही प्रतींवर इंग्रजीसोबत रशियन अक्षरेही असतात, कारण ते सोव्हिएत सैन्याला जायचे होते.) युद्धानंतर असे लष्करी सामान भंगारात आले आणि आपल्याकडच्या हॅमच्या एका पिढीने त्याच्यावरच हात साफ केला. मी हा माझा वाडीत दोन माडांमध्ये ताणलेल्या तारेला लावतो, अर्थिंग बावखलाजवळच्या ओल्या जमिनीत. उन्हाळ्यात जुळवून ठेवलेले पावसाळ्यात झावळ्या भिजल्या की बिघडते. परत बसा फिरवत.

एकाच जागी, तेच माड, तीच तार असून ही कथा. मग दर थोड्या दिवसांनी घर बदलणाऱ्याचे काय होत असेल?

तर मुंबई, १९४२. १९३९ साली युद्ध सुरू होताच सरकारने हॅम लोकांना आपले ट्रान्समीटर पोलिसांत जमा करायचा लेखी हुकूम काढला होता. व्हीयू टू एफयू या कॉलसाइनच्या प्रिंटरने त्यानंतरही आझाद हिंद रेडिओ नावाचे बेकायदा केंद्र काही काळ चालवले होते. (सुभाषबाबूंचे बर्लिनचे केंद्र वेगळे, ते १९४२ च्या जानेवारीतले.) त्यामुळे ९ ऑगस्टला गांधीजींसह नेते पकडले गेल्यावर उषाबेन आणि बाबूभाई खाकर यांना ट्रान्समीटर हवा होता, तेव्हा तो त्याच्याकडे होता असे म्हणायला हरकत नाही. शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने सामान पुरवायला होते, पुढे राममनोहर लोहियांची साथ मिळाली. २७ ऑगस्टला चौपाटीच्या सी व्ह्यू इमारतीतून पहिले प्रक्षेपण झाले. तरंगलांबी ४२.३४ मीटर.

हा आकडा हॅम माणसाने वाचला की तो हसतो. ३०० ला ४२.३४ ने भागा, ७.०८ मेगाहर्ट्झ येते. म्हणजे आमचा ४० मीटरचा पट्टा! (काही ठिकाणी ७.१२ लिहिलेले आढळते, तेही याच पट्ट्यात.) दिवसा काहीशे किलोमीटर, रात्री हजारांच्या पल्ल्यावर जाणारा. हॅमने उभारलेले केंद्र हॅमच्याच पट्ट्यात बोलले, यात नवल नाही.

पण या लांबीला अर्ध्या तरंगाची तार वीस मीटर होते, साधारण ६६ फूट. गिरगावातल्या किंवा महालक्ष्मीच्या घरात ती सरळ ताणायची कुठे? गच्चीवर? कपडे वाळत घालायच्या तारांमध्ये? पोलिसांना चुकवत हे केंद्र गिरगावच्या पारेखवाडीत गेले, शेवटी महालक्ष्मीच्या पॅराडाइज बंगल्यात. भाषण कुणीही वाचू शकत होते, तबकडी कुणीही लावू शकत होते. नव्या जागी, नव्या उंचीवर, वाकवलेल्या तारेशी ट्रान्समीटरचे जुळवणे मात्र जाणकाराचेच काम. म्हणजे प्रत्येक नवी जागा कुणा ना कुणा तंत्रज्ञाला दाखवावीच लागणार. गुप्त संघटनेत माहिती कमीत कमी लोकांना असावी म्हणतात. इथे यंत्रच ते होऊ देत नव्हते.

१२ नोव्हेंबर १९४२ ला प्रिंटर पकडला गेला आणि त्याने पोलिसांना बंगला दाखवला. उषाबेन त्या संध्याकाळी प्रक्षेपण करत होत्या, 'वंदे मातरम्'ची तबकडी थांबवायला त्यांनी नकार दिला. १९४३ मध्ये निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार, चंद्रकांत झवेरींना एक; विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले. आरोपींत प्रिंटरचे नाव नव्हते.

ही अर्धी गोष्ट आम्ही शाळेत सांगत नाही. मला ते पटत नाही. कोठडीत बसलेल्या माणसाचा न्याय मी वटारला पंख्याखाली बसून करणार नाही. त्याने यंत्र उभे केले नसते तर ते अडीच महिने झालेच नसते. पण म्हणून नुसती फुशारकी मारायची आणि उषाबेनची येरवड्यातली वर्षे कुणामुळे आली ते गिळायचे? 'ए वतन मेरे वतन' हा सिनेमा २०२४ मध्ये आल्यापासून मुलेच विचारतात, "सर, पकडले कसे?" तेव्हा मी सांगतो. हॅमने उभे केले, हॅमने दाखवून दिले. एखादा ज्येष्ठ सहकारी नाराज होतो. असो.

आणि एक. त्या प्रक्षेपणांत काय बोलले गेले ते आज वाचायला मिळते, उषा ठक्कर यांच्या २०२१ च्या पुस्तकातही त्यातले बरेच आहे. ते टिपून कोणी ठेवले? रोज संध्याकाळी सेट लावून शब्दन् शब्द उतरवून घेणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी!