नरवंध्य, शुक्रजंतू आणि संप्रेरक : तीन संज्ञांचा इतिहास

जालना जिल्ह्यातील बीजोत्पादनाच्या शेतांवर 'नरवंध्य' हा शब्द उच्चारताना कोणी संकोचत नाही. १९६४ साली ज्वारीचा सी. एस. एच.-१ हा संकरित वाण भारतात प्रसृत झाला आणि त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यास आपली बियाण्यांची कंपनी स्थापिली. ज्वारीचा संकर साधावयाचा तर मादी म्हणून घेतलेल्या वाणाचे पराग निष्फळ असावे लागतात. असा वाण तो नरवंध्य.

मनुष्याच्या घरी मात्र मूल झाले नाही, की 'वांझ' हे विशेषण प्रायः स्त्रीलाच लागते. पुरुषासाठी 'नपुंसक' आहे खरा. परंतु तो शब्द संभोगाच्या सामर्थ्याविषयी बोलतो, शुक्राच्या गुणाविषयी नव्हे. (व्याकरणाने तर तो वृक्षपाषाणांच्या लिंगविचारातही गुंतवून ठेवला आहे.)

शास्त्रीय संज्ञाही निर्दोष नाहीत. १६७७ मध्ये लेवेनहूकने सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रातील चंचल कण पाहिले. १८२७ मध्ये फोन बेअरने त्यांना 'स्पर्मॅटोझोआ', म्हणजे शुक्रातील प्राणी, असे नाव दिले. ते परोपजीवी असावेत अशी त्याची समजूत होती. ती समजूत मागे पडली, तरी मराठी 'शुक्रजंतू'तील 'जंतू' तिचीच आठवण देतो. वस्तुतः ती पुरुषाची स्वतःची पेशी होय. याउलट 'संप्रेरक' ही संज्ञा फार नेमकी बसली आहे. स्टार्लिंगने १९०५ मध्ये रूढ केलेल्या 'हॉर्मोन' या शब्दामागील ग्रीक धातूचा अर्थ 'चालना देणे' असा आहे, आणि 'सम् + प्र + ईर्' यांचाही तोच.

ही चालना प्रयोगशाळेत प्रत्यक्ष दिसते. धुऊन द्रवात ठेवलेल्या मानवी शुक्रजंतूंवर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडले, की काही क्षणांतच त्यांच्यात कॅल्शियम शिरते व शेपटीचे फटके जोरदार होतात. शरीरात हे संप्रेरक स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी स्रवतात. शेपटीवरील 'कॅटस्पर' या द्वारातून कॅल्शियम आत येते, हे २०११ मध्ये दोन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे दाखविले. ज्या पुरुषांत हे द्वार निकामी असते, त्यांचे शुक्रजंतू स्त्रीबीजाच्या आवरणात शिरू शकत नाहीत. नेहमीच्या तपासणीत मात्र त्यांची संख्या व हालचाल यथायोग्य भरू शकते. अहवाल 'निर्दोष' असा येतो, आणि 'वांझ' हा शब्द पुन्हा पत्नीकडे वळतो.