सचिवांच्या मुलखातला रकाना

भोर-वेल्ह्याकडचा एखादा सातबारा घ्या. क्षेत्राचा आकडा असा छापलेला दिसेल: ०.४०.४७. शून्य हेक्टर, चाळीस आर, सत्तेचाळीस चौरस मीटर. जुन्या हिशेबाने एक एकर. शेतकऱ्याला तो डोळे मिटून वाचता येतो. संगणकाला मात्र तो आकडाच वाटत नाही. त्याच्या लेखी आकड्यात टिंब एकच असतं. दोन टिंबं आली की तो मजकूर, आणि मजकुराची बेरीज होत नाही. मग डेटाबेस बांधणाऱ्याने करायचं काय? एकतर आत एका टिंबाचा आकडा साठवायचा आणि छापताना दोन टिंबं द्यायची, नाहीतर तिन्ही भागांना वेगवेगळे रकाने द्यायचे. या एवढ्याशा निर्णयात चूक झाली, तर अख्ख्या गावाचा मेळ बसत नाही.

डेटाबेसच्या भाषेत या आखणीला स्कीमा म्हणतात. महसूल खात्यात तिला पूर्वीपासून ‘नमुना’ म्हणतात आणि हा शब्द जास्त प्रामाणिक आहे. नमुना आधी आखला जातो, शेत त्यात नंतर बसवलं जातं. न बसणारा भाग ‘इतर हक्क’ नावाच्या रकान्यात कोंबायचा, हीसुद्धा जुनीच रीत.

या इतिहासासाठी भोरइतकी योग्य जागा सापडणं कठीण. अष्टप्रधानांतला सचिव म्हणजे पूर्वीचा सुरनीस. महाल-परगण्यांचे हिशेब तपासायचे, निघणाऱ्या पत्रांतला अधिकउणा मजकूर दुरुस्त करायचा, हे त्याचं काम. थोडक्यात, राज्याच्या कागदांतल्या चुका शोधण्यासाठी नेमलेला माणूस. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावेळी, १६७४ मध्ये, या पदावर अण्णाजी दत्तो होते. जमीनमोजणीची जी पद्धत त्यांच्या नावाशी जोडली जाते तिचं माप काठीचं: पाच हात, पाच मुठी. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा आणि १२० बिघे म्हणजे एक चावर. राजारामांच्या काळात सचिवपद शंकराजी नारायण यांच्याकडे आलं. १७०७ मध्ये शाहू की ताराबाई या पेचात त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पद मात्र घराण्यात राहिलं आणि त्याचंच पुढे भोर संस्थान झालं. हिशेब तपासणाऱ्या हुद्द्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या राजाची पदवी म्हणून मिरवणारं दुसरं संस्थान चटकन आठवत नाही.

संस्थानाच्या तालुक्यांची नावं गडांवरून पडलेली: विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, शिवाय राजगड आणि सुधागड. पाचवा तालुका पवनमावळ. नावं ऐकली तर हा लढवय्यांचा मुलूख वाटतो, आणि तो होताच. पण इथल्या जुन्या भांडणांतला मोठा वाटा कागदांवरून झालेल्या भांडणांचा आहे. रोहिडखोऱ्याच्या देशमुखीवरून कारीचे जेधे आणि उत्रवळीचे खोपडे यांच्यात चाललेला तंटा प्रसिद्धच आहे. त्या काळच्या नोंदीत मुख्य रकाना माणसाच्या हक्काचा असे. जमिनीचा तुकडा नंबराने कमी आणि थळाच्या नावाने जास्त ओळखला जाई. थळ कुठे संपतं ते गावाला तोंडपाठ. दप्तर जळालं तरी गोतसभा बसून महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, करून देई.

शेताला नंबर मिळाला तो इंग्रजांच्या मोजणीत. पुणे जिल्ह्यात पहिला प्रयत्न प्रिंगल यांचा, १८२० च्या दशकाच्या अखेरीस. हेलिबरीला अर्थशास्त्र शिकून आलेल्या या गृहस्थांनी प्रत्येक जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं ठरवलं. तत्त्व चोख होतं. आत भरलेले आकडे मात्र खोटे निघाले. मोजणीत चुका, खालच्या कारकुनांची लाच, आणि आकारणी इतकी जड की लोकांनी जमिनी टाकल्या. मग १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. १८४७ च्या संयुक्त अहवालात त्यांच्या पद्धतीचे नियम पक्के झाले.

त्यांची आखणी जवळून पाहण्यासारखी आहे. शेताचं कच्चं चित्र काढून त्यात चौकटी पाडायच्या. प्रत्येक चौकटीत माती किती खोल ते पाहून नऊपैकी एक वर्ग लिहायचा. मग दोष बघायचे: चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी न मुरणं, पुराच्या पाण्याने माती वाहून जाणं. एकेका दोषाला एकेक खूण, आणि खूण पडली की वर्ग एक पायरी खाली. शेवटी सगळ्याची सरासरी आण्यांत. निव्वळ उत्पन्नासारखी न दिसणारी गोष्ट त्यांनी सोडून दिली आणि कुदळ मारून तपासता येईल तेवढीच लिहिली. पद्धत टिकली ती यामुळे. देशावरच्या सपाट शिवारासाठी केलेली ही आखणी मावळात आल्यावर मात्र जरा अवघडते. इथे एकाच नंबरात खाली भाताची खाचरं, वर नाचणी-वरईची वरकस आणि त्याच्याही वर नुसता कातळ. त्या कातळासाठी ‘पोटखराब’ हा रकाना आहे आणि मावळात तो भरलेला असतो.

१९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली. गावदप्तराचे नमुने अँडरसन यांच्या नियमपुस्तकाने बांधले गेले. तलाठ्यांच्या बोलण्यात ते आजही ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणून येतं. नमुने एकवीस. एक नंबरचा आकारबंद, सहाचा फेरफार, सातचा अधिकार अभिलेख, आठ-अ खात्यांचा, बाराचा पीकपाहणीचा. सात आणि बारा एकाच कागदावर आले, म्हणून सातबारा. भोर संस्थान ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पंत सचिवांचा मुलूख मुंबईच्या दप्तराखाली आला.

या एकवीस नमुन्यांचं मर्म त्यांच्या जोडणीत आहे. माणूस वारला की थेट सातवर हात लावता येत नाही. आधी सहामध्ये वारसनोंद धरायची, नोटीस काढायची, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची, मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. त्यानंतर सातवर नवं नाव चढतं आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर येतो. जुनं नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात. गावात एखाद्याबद्दल ‘त्याला कंस पडला’ म्हणाले की काय ते समजायचं.

विलीनीकरणानंतर या जोडणीवर एकामागून एक ओझी पडली. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली. त्यासाठी सात-अ हा नमुना. १९५३ च्या कायद्याने विलीन मुलखातल्या जहागिऱ्या गेल्या, कुलकर्णी वतनं १९५० च्या दशकात, पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले; जुना नंबर एक, नवा गट दुसरा. एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर झालं. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चा, तेव्हा प्रत्येक हिश्श्यात थोडं कमी, थोडं जास्त. तफावत मिटवायला क.जा.प., म्हणजे कमी-जास्त पत्रक. एकाच दप्तरावर तीस वर्षांत इतक्या शस्त्रक्रिया झाल्यावर ते चालत राहिलं, याचं श्रेय हातात टाक आणि डोक्यात गाव असलेल्या तलाठ्यांना द्यायला हवं.

मग संगणक आला. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ ची. पुण्यात सी-डॅकची स्थापनाही १९८८ ची. देवनागरी संगणकावर आणणारं जिस्ट तंत्र तिथेच वाढलं. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरलं आणि पुढे सगळं युनिकोडकडे वळलं. या वळणावर मराठीचा एक खास खड्डा आहे. पानशेतच्या वाटेवर हवेली तालुक्यात गोऱ्हे नावाचं गाव लागतं. त्यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही गोऱ्हे सारखेच दिसतात. डेटाबेसला मात्र ती दोन गावं वाटतात. शोधणाऱ्याला ‘नोंद आढळली नाही’ असं उत्तर मिळतं आणि नोंद डोळ्यांसमोर असते.

पुण्याशेजारच्या हिंजवडीत त्याच सुमारास हजारो तरुण जावात काम करू लागले होते. त्यांच्या हाताशी जावा आणि डेटाबेस यांना जोडणारं हायबरनेट होतं, २००१ पासूनचं. त्याचं एक प्लगइन मेवन या बांधणीसाधनाला जोडलं की ते जावातले वर्ग वाचून डेटाबेसचे तक्ते आपोआप आखून देई. ई-फेरफार ही महसूल खात्याची संगणकप्रणाली त्यावर चालते असं कुणी समजू नये. पण दुखणी ओळखीची आहेत. प्लगइन पळायचं, खाली ‘बिल्ड यशस्वी’ असं यायचं आणि आखणीची फाइल रिकामी. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर कळायचं, की वर्ग तयार होण्याआधीच प्लगइन पळालं होतं. त्याला वाचायला काही नव्हतंच. सहा नंबर प्रमाणित होण्याआधी सातला हात लावायचा नाही, हा तलाठ्याचा पहिला धडा प्रोग्रामर रात्री अकरा वाजता शिकायचा. दुसरी गंमत त्यातल्या ‘अपडेट’ची. ती नवा रकाना जोडते, जुना कधी पुसत नाही. कंसाची पद्धत अगदी हीच. फरक एवढाच, की इथे कंसही पडत नाही. आणि अक्षरांच्या रकान्याची न सांगता धरलेली लांबी २५५. एका खात्यावर तीन पिढ्यांचे वारस मांडणाऱ्या आठ-अला ती कशी पुरावी?

महाराष्ट्रात संगणकावर चढलेल्या सातबाऱ्यांची दुरुस्ती मोठ्या प्रमाणावर झाली ती एडिट आणि री-एडिटच्या नावाने. हस्तलिखित सातबारा शेजारी ठेवून संगणकातला ताडायचा. २०१७ च्या उन्हाळ्यात चावडीवाचन झालं: गावासमोर सातबारे मोठ्याने वाचायचे आणि चूक असेल त्याने तिथेच बोलायचं. थळं तोंडपाठ असलेल्या गावाला पुन्हा साक्षीला बोलावल्यासारखंच ते. लेखनप्रमाद निघाला तर महसूल संहितेचं कलम १५५, तहसीलदारांकडे.

याच काळात तलाठ्यांच्या बोलीत ‘ओडीसी’ हा शब्द रुळला. चाळीसेक तपासण्यांचे अहवाल. सातवरचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज जुळत नाही असे गट दाखवा, आकारबंदाशी मेळ नाही असे दाखवा, वगैरे. एकेक अहवाल ‘निरंक’ करायचा, मगच गावाचं काम पुरं झाल्याची घोषणा. पण ‘निरंक’ आणि ‘बिल्ड यशस्वी’ या दोन शब्दांवर किती विसंबायचं ते ठरवून घ्यावं. भावाच्या जागी चुलतभावाचं नाव चढलं, तरी बेरीज बिनचूकच येते. तो दोष चावडीवर बसलेली म्हातारी पकडते, अहवाल पकडत नाही.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणीही शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. बाराचा नमुना आता तो स्वतः भरतो. मधल्या काळात, २०२० मध्ये, सातबाऱ्याचा साचा बदलला. क्षेत्राची एककं स्पष्ट छापली जाऊ लागली आणि गावाच्या नावाशेजारी एक संकेतांक आला. हा संकेतांक बिनबोभाट केलेला सर्वांत शहाणा बदल म्हणायला हवा, कारण चारच वर्षांत त्याची गरज पडली. मार्च २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. सचिवांच्या संस्थानातलं तालुक्याचं एक नाव पाऊणशे वर्षांनी परतलं. वेल्हे गाव आहे तिथेच, तोरण्याच्या पायथ्याशी, म्हणजे जुन्या प्रचंडगडाखाली. तिथल्या घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेल्या उताऱ्यांवर तालुका वेल्हे आहे, नव्या कागदावर राजगड, आणि दोन्हींवर गट नंबर एकच.