पँटचा परवाना

क्रूझवरच्या फॉर्मल नाइटला एखादी बाई गाऊनऐवजी टक्सिडो घालून आली, तर आज फार तर चार माना वळतात. पण १८०० साली पॅरिसच्या पोलिसांचा हुकूम होता: बाईला पुरुषी कपडे घालायचे तर परवाना घ्यावा.

१९६६मध्ये त्याच पॅरिसमध्ये ईव्ह सँ लोराँने बायकांसाठी टक्सिडो आणला, तेव्हाही हुकूम कागदावर होताच. तो टक्सिडो घातलेल्या नॅन केम्पनरला न्यूयॉर्कच्या एका बड्या रेस्टॉरंटने पँटमुळे दारात अडवलं. किस्सा असा सांगतात, की तिने पँट काढली आणि नुसत्या कोटावर आत गेली. उघडे पाय चालले, झाकलेले नाही!

फ्रेंच सरकारने तो हुकूम निरर्थक ठरवला, थेट २०१३मध्ये. प्रश्न मर्यादेचा नव्हताच. पुरुषाचा रुबाब कुणी अंगावर चढवायचा, याचा होता.