बैलाच्या पित्तातलं गंधक : टॉरिनचा हिशेब

आज आपण एका लहानशा रेणूचा इतिहास पाहणार आहोत. त्याचं नाव टॉरिन. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर हे नाव तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. लॅटिनमध्ये ‘टॉरस’ म्हणजे बैल, आणि हा पदार्थ पहिल्यांदा हाती लागला तो बैलाच्या पित्तातच. आपला प्रश्न साधा आहे. जिवाणू टॉरिन खातात असं आपण म्हणतो, तेव्हा ते त्यातलं नेमकं काय खातात?

१८२७ साली हायडेलबर्गचे शरीरशास्त्रज्ञ टीडमान आणि रसायनशास्त्रज्ञ ग्मेलिन यांनी बैलाच्या पित्तातून हे स्फटिक वेगळे काढले. टॉरिन हे नाव त्याला पुढे १८३८ मध्ये मिळालं. पृथक्करणं झाली. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन मोजले गेले आणि उरलेलं सगळं ऑक्सिजनच्या नावावर मांडलं गेलं. त्या काळची रीतच तशी होती. ऑक्सिजन थेट मोजत नसत. शंभरातून बाकीचे वजा केले की उरेल तो ऑक्सिजन.

आता गंमत बघा. गंधकाच्या एका अणूचं वजन ३२, ऑक्सिजनच्या अणूचं १६. म्हणजे गंधकाचा एक अणू ऑक्सिजनच्या दोन अणूंच्या जागी वजनाला बरोबर बसतो. त्यामुळे चुकीचं सूत्रसुद्धा अगदी नेटकं आलं आणि कोणाला शंका आली नाही. टॉरिनच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा गंधक आहे, तरी ते निसटलं! १८४६ मध्ये प्रागचे प्राध्यापक रेडटेनबाखर यांनी ते दाखवून दिलं. तोवर १९ वर्षं गेली होती.

आज आपल्याला या रेणूची रचना माहीत आहे. मध्ये दोन कार्बनांची छोटी साखळी, एका टोकाला नायट्रोजनचा गट, दुसऱ्या टोकाला गंधकाचा. गंधक थेट कार्बनला जोडलेलं असतं. अशा पदार्थांना सल्फोनेट म्हणतात आणि हा जोड चांगलाच पक्का असतो. १८५४ मध्ये श्ट्रेकर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने टॉरिन प्रयोगशाळेत बनवलं. आयसेथिओनेट नावाच्या सल्फोनेटचा अमोनियम क्षार त्याने तापवला, त्यातून पाणी निघून गेलं आणि टॉरिन तयार झालं. हे आयसेथिओनेट लक्षात ठेवा, ते पुन्हा भेटणार आहे.

टॉरिन फक्त पित्तात नसतं. प्राण्यांच्या स्नायूंत, हृदयात, कालवांसारख्या समुद्री जिवांत ते भरपूर असतं. प्राणी मेला की ते माती-पाण्यात येतं, आणि तिथे जिवाणू टपलेलेच असतात. जपानी संशोधकांनी १९६३ मध्ये जिवाणूंकडून होणाऱ्या टॉरिनच्या विघटनावर लेख लिहिला. पुढे झुरिक आणि कोन्स्टान्झ इथल्या प्रयोगशाळांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलं. त्यातून जे चित्र दिसतं ते असं, की एकाच ताटावर बसून प्रत्येक जण वेगळा पदार्थ उचलतो.

आपल्या आतड्यातला ई. कोलाय घ्या. त्याला गंधकाची चणचण भासली की तो ऑक्सिजनच्या मदतीने टॉरिन तोडतो आणि गंधक तेवढं घेतो. नायट्रोजनकडे पाहतही नाही. १९९० च्या दशकात झुरिकमध्ये हे उलगडलं.

याच्या बरोबर उलट वागणारे जिवाणूही आहेत. त्यांना हवा असतो नायट्रोजन, म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत नत्र. कोन्स्टान्झच्या प्रयोगात क्लेब्सिएला ऑक्सिटोका या जिवाणूला नत्रासाठी टॉरिनशिवाय दुसरं काहीच दिलं नव्हतं. त्याने नायट्रोजन काढून घेतला आणि उरलेला भाग, गंधकासकट, पेशीबाहेर टाकला. आंबा खाऊन कोय टाकावी तसा. ही कोय कोणती? आयसेथिओनेट! श्ट्रेकरने ज्यापासून टॉरिन बनवलं, तिथेच हा जिवाणू टॉरिनला परत नेऊन सोडतो. हा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, श्ट्रेकरनंतर १५१ वर्षांनी. त्याआधी २००४ मध्ये दुसऱ्या एका जिवाणूत, ऱ्होडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिसमध्ये, टाकून दिलेला पदार्थ सल्फोअ‍ॅसिटेट निघाला होता. कोय निराळी, पण गंधक तसंच कार्बनला चिकटलेलं.

तिसरा प्रकार आतड्यातला. बिलोफिला वॉड्सवर्थिया, नावाचा अर्थच पित्तप्रेमी. त्याचं वर्णन १९८९ मध्ये झालं. हवा नसलेल्या जागी तो टॉरिनमधलं गंधक ऑक्सिजनऐवजी श्वसनासाठी वापरतो आणि शेवटी हायड्रोजन सल्फाइड सोडतो, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. २०१२ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास आला. दुधातली चरबी जास्त दिल्यावर टॉरिन जोडलेली पित्ताम्लं वाढली, बिलोफिला फोफावला, आणि ज्या उंदरांत मुळातच आनुवंशिक कल होता त्यांच्या मोठ्या आतड्याचा दाह वाढला. माणसाबद्दल एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. पण टॉरिनचं गंधक कोणाच्या हाती पडतं, यावर आतड्यात काय घडेल हे ठरू शकतं, एवढं त्यातून दिसतं.

मग आपल्या प्रश्नाचं उत्तर काय? ‘जिवाणूंनी पदार्थ संपवला’ हे वाक्य अर्धवट आहे. क्लेब्सिएलाच्या चंबूत टॉरिन शोधलं तर ते मिळणार नाही. गंधक मात्र सगळं तिथेच, दुसऱ्या नावाने. साबणाच्या पावडरी आणि रंग यांतही सल्फोनेट असतात आणि ते सांडपाण्यात उतरतात. नमुन्यात मूळ पदार्थ सापडला नाही म्हणून पाणी शुद्ध झालं असं मानणं म्हणजे १८४६ च्या आधीचीच रीत झाली, जे मोजलं नाही ते भलत्याच खात्यात टाकण्याची. हिशेब प्रत्येक मूलद्रव्याचा वेगवेगळा मांडावा लागतो. कार्बन कुठे गेला, नायट्रोजन कोणी नेला, गंधक कुठे उरलं, हे तिन्ही प्रश्न विचारल्याशिवाय ‘संपलं’ म्हणू नये.

इथे थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.