गाडी लोहारांची गाडी

गाडी लोहार या भटक्या जमातीची बैलगाडी हे चाकांवरील घराचे भारतातील एक जुने उदाहरण होय. महाराष्ट्रात ही जमात भटक्या जमाती (ब) प्रवर्गातील घिसाडी समाजात गणली जाते. राजस्थानात तिला गाडिया लोहार म्हणतात. मुघलांनी १५६८ मध्ये चितोडगड जिंकल्यावर, गड परत मिळेपर्यंत घरात न राहण्याची, खाटेवर न झोपण्याची व दिवा न लावण्याची शपथ पूर्वजांनी घेतली, अशी परंपरागत समजूत आहे. त्यामुळे खाट गाडीवर उलटी ठेवून नेण्याची रीत पडली.

गाडी जड लाकडाची असून तिच्यावर कोरीव काम व पितळी नक्षी असते. धान्य, कपडे, भांडी आतच राहतात. ऐरण व भाता मात्र मुक्कामी जमिनीवर मांडतात. म्हणजे या घराची कर्मशाळा अंगणात असते. तेथे घण मारण्याचे कष्टाचे काम बहुधा स्त्रियाच करतात.

१९५५ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडावर नेले. भटकंती मात्र सरली नाही, आणि कारखान्यातील अवजारांमुळे धंदा घटला. महाराष्ट्रात भटक्या जमातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे घरच गावोगाव फिरले, त्यांना तो देणे अवघड जाते.