इंजिनाआधीचं उड्डाण : पायलट ग्लायडरमध्ये बसतो तेव्हा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली होती : "सर, ज्याला इंजिनाचं विमान उडवता येतं, त्याला ग्लायडर उडवणं सोपंच जाणार ना?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर द्यायला मला सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल. म्हणून आजचं व्याख्यान त्याच चिठ्ठीवर.

आपण बसलोय चिंचवडमध्ये. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत पिंपरी, भोसरी, आकुर्डी आणि नंतर चाकण, हा सगळा पट्टा इंजिनांचा झाला. इथल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी इंजिन, गिअर नाहीतर त्यांचे सुटे भाग केलेले आहेत. त्यामुळे "इंजिन नसलेलं विमान" म्हटलं की आपल्याला ते अपुरं वाटतं, मोटर काढून घेतलेल्या स्कूटरसारखं. इतिहास मात्र उलटा आहे. ग्लायडर आधी आलं, इंजिन नंतर.

जर्मनीत ओटो लिलियेन्थालने टेकडीवरून उड्या मारत सुमारे दोन हजार उड्डाणं केली. १८९६ च्या ऑगस्टमध्ये तो पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्या मृत्यूची बातमी वाचून राइट बंधूंची उत्सुकता जागी झाली. त्यांनी सुरुवातीला इंजिनाचा विचारही केला नाही. त्यांचं म्हणणं असं की हवेत तोल कसा राखायचा हे आधी शिकू, शक्तीचं नंतर बघू. १९०० ते १९०२ ही तीन वर्षं ते किटी हॉकच्या वाळूत ग्लायडर घेऊनच जात होते.

आता इथे एक बारकावा आहे, तो नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याला तो पुन्हा लागणार आहे. विमान डावीकडे वळवायचं तर डावा पंख खाली आणि उजवा वर न्यावा लागतो. पण जो पंख वर जातो, त्याला हवेचा अडथळाही जास्त होतो. तो मागे ओढला जातो. परिणाम काय? तुम्हाला जायचंय डावीकडे आणि नाक वळतं उजवीकडे. राइट बंधू १९०१ मध्ये यानेच चक्रावले होते. १९०२ मध्ये त्यांनी मागे उभं शेपूट बसवलं, मग ते हलतं केलं, आणि कोडं सुटलं. १७ डिसेंबर १९०३ ला इंजिनासह बारा सेकंदांचं पहिलं उड्डाण झालं. माझ्या मते खरा शोध त्याच्या आदल्या वर्षी, इंजिन नसताना लागलेला होता.

पुढचा प्रसंग फारसा सांगितला जात नाही. १९११ मध्ये ऑरव्हिल राइट जगप्रसिद्ध झालेला होता, मोटरच्या विमानांचा कारखाना होता. तरी तो ऑक्टोबरमध्ये पुन्हा त्याच वाळूच्या टेकड्यांवर ग्लायडर घेऊन गेला. २४ ऑक्टोबरला जोराच्या वाऱ्यात तो ९ मिनिटं ४५ सेकंद हवेत राहिला. टेकडीला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर जवळजवळ एका जागी तरंगत. हा विक्रम सुमारे दहा वर्षं टिकला. म्हणजे इंजिनाकडून ग्लायडरकडे येणारा पहिला मोठा पायलट कोण, तर ज्याने विमानाला इंजिन बसवलं तोच!

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानांवर कडक बंधनं आली. युद्धात लढलेले पायलट आणि तरुण इंजिनिअर १९२० पासून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर जमू लागले. इंजिन मिळत नाही ना, मग हवाच वाचू. दहा वर्षांत त्यांनी ऊन तापल्यावर वर चढणारी हवा शोधून तिच्यात घिरट्या घालायची कला आत्मसात केली. पुढे हीच ग्लायडरशाळा नाझी राजवटीने लष्करी वैमानिक घडवायला वापरली, हेही सांगितलं पाहिजे. कौशल्य निर्मळ असतं, वापरणारे हात तसे असतीलच असं नाही.

आपल्याकडे काय झालं? स्वातंत्र्यानंतर सरकारच्या नागरी विमान खात्याने ग्लायडिंगला हात दिला. स्वस्तात तरुणांना हवेची ओळख करून द्यायची, हा हेतू. १९५० मध्ये पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर सुरू झालं. इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर. खात्याच्या दिल्लीतल्या तांत्रिक केंद्रात एस. राममृतम यांच्या नेतृत्वाखाली भारतीय ग्लायडरं तयार झाली. १९५८ मध्ये अश्विनी उडालं. मग भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. ओळखलंत ना? नक्षत्रांची नावं! लाकूड, प्लायवूड आणि कापडाची ही विमानं. रोहिणीत शिकवणारा आणि शिकणारा शेजारी-शेजारी बसत.

आता त्या चिठ्ठीकडे येऊ. समजा, मोटरच्या विमानावर दोनशे तास उडालेला एखादा तरुण हडपसरसारख्या मैदानात पहिल्यांदा ग्लायडरमध्ये बसला. काय होतं?

पहिली गोष्ट, सुरुवात. ग्लायडर एका चाकावर, एक पंख जमिनीला टेकवून कलंडलेलं असतं. एकजण पंखाचं टोक धरून उभा राहतो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे मोठा रहाट, लांब दोर गुंडाळू लागतो आणि पतंग चढावा तसं विमान तीव्र कोनात वर जातं. सुमारे हजारेक फुटांवर दोर सोडायचा. मध्येच दोर तुटला तर? सवय सांगते, थ्रॉटल पुढे ढकल. इथे थ्रॉटलच नाही. आधी नाक खाली, वेग सांभाळ, मग पुढचा विचार.

दुसरी गोष्ट, पाय. डाव्या हाताला इंजिन नाही हे त्याला आधीच ठाऊक असतं. पाय आळशी झालेत, हे मात्र ठाऊक नसतं. आजची मोटरची विमानं इतकी सुधारलीत की वळताना पायातलं रडर थोडं विसरलं तरी चालून जातं. ग्लायडरचे पंख लांब, म्हणून तो उलटा ओढा मोठा. समोरच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो सरळ राहिला तर वळण बरोबर. आपल्या पायलटचा धागा पहिल्या वळणाला आडवा जातो! काही पैशांचा धागा, पण खोटं बोलत नाही. आणि लक्षात घ्या, हे तेच कोडं आहे, १९०१ चं. सव्वाशे वर्षांचा इतिहास त्याला पहिल्या दहा मिनिटांत पायाने पुन्हा शिकावा लागतो.

तिसरी गोष्ट, उतरणं. मोटरचा पायलट चुकला तर पुन्हा इंजिन वाढवून फेरी मारतो. इथे दुसरी संधी नाही. जुनं शिकाऊ ग्लायडर एक मीटर खाली येताना साधारण वीस मीटर पुढे जातं. उंची हीच त्याची शिल्लक, आणि ती खर्चायची कशी याचा हिशेब प्रत्येक क्षणी. ती शिल्लक वाढते फक्त वर चढणाऱ्या हवेत. उन्हाळ्यात दुपारी भोसरीच्या शेडच्या पत्र्यांवर घारी पंख न हलवता चढताना पाहिल्यात ना? तापलेल्या पत्र्यावरची हवा वर जाते, हे घारीला कुणी शिकवलेलं नाही.

मग हे सगळं नुसती हौस आहे का? २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोइंग ७६७, एकसष्ट प्रवासी, आठ कर्मचारी. इंधन किलोंत मोजायचं ते पौंडांत मोजलं गेलं. ४१,००० फुटांवर इंधन संपलं, दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन बॉब पिअर्सन हा ग्लायडर पायलटही होता. गिमली नावाच्या जुन्या धावपट्टीशी आल्यावर विमान फार उंच होतं. त्याने पंख एका बाजूला आणि रडर विरुद्ध बाजूला देऊन विमान तिरकं खाली आणलं. ग्लायडरमध्ये रोजची, एवढ्या मोठ्या विमानात अनपेक्षित अशी युक्ती. एकूणएक माणसं वाचली.

सगळ्या पायलटांनी ग्लायडर शिकावंच, असा फतवा मी काढत नाही. त्यांना सिम्युलेटरवर इंजिन बंद पडल्याचा सराव असतो, आणि तो उत्तम असतो. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये "अमुक आहे हे ठाऊक असणं" आणि "अमुक कसं करायचं हे येणं" यांत फरक केला. मी त्यात एक भर घालतो. शक्ती हाताशी असली की आपल्याला काय येत नाही, हे झाकलं जातं. इंजिन आपल्या चुका पोटात घालतं. ते काढून घेतलं की कळतं, कौशल्य किती होतं आणि इंजिन किती होतं. हे पायलटपुरतं आहे असं मला वाटत नाही. ज्या पट्ट्यात सगळं शक्तीवर चालतं, तिथे तर नाहीच.

आणि शेवटचं. ग्लायडरला दुसरी संधी नसते, म्हणून त्याला मोकळं मैदान लागतं. हडपसरच्या मैदानाभोवती आज मगरपट्टा आहे, इमारती आहेत. आपल्या शहरात मोकळी जमीन म्हणजे "पडून असलेली" जमीन, असं बोलायची पद्धत आहे. त्या मैदानाबद्दल असं बोलण्याआधी एवढं आठवा, की तिथे हवा वाचायला शिकवली गेली.

चिठ्ठी पाठवणाऱ्याला उत्तर : सोपं जात नाही. आधी थोडं विसरावं लागतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.