हलाल आणि तय्यिब

जुन्या इस्लामी शहरांत मुहतसिब बाजारावर देखरेख करी. वजनं-मापं, भेसळ तपासे. आज माल बंद पाकिटात येतो. ते काम आता पाकिटाच्या दर्शनी बाजूनंच करायचं.

स्वीडननं १९८९ मध्ये आरोग्याला बऱ्या पदार्थांवर 'कीहोल' चिन्ह आणलं. ते चांगलं दाखवी. वाईटाबद्दल गप्प राही. चिलीनं २०१६ मध्ये उलट केलं. साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा उष्मांक जास्त, तर काळा अष्टकोन सक्तीचा. सोबत मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळेतल्या विक्रीवरही बंधनं आली. पुढच्या दीड वर्षात अशा जास्त साखरेच्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. श्रेय एकट्या अष्टकोनाचं नाही, पण त्यानं धोका दिसता केला.

आपल्याकडे २०२२ मध्ये चांदण्या देण्याचा मसुदा निघाला. मला चांदणीपेक्षा इशारा बरा वाटतो. एक चांदणीसुद्धा शाबासकीच वाटते.

आपण पाकिटावर हलालचा शिक्का शोधतो. कुरआनात हलालच्या जोडीला तय्यिब, म्हणजे चांगलं, हा शब्द येतो. इफ्तारच्या सरबताची बाटली तय्यिब आहे का, हे बारीक अक्षरं न दिसणाऱ्या नानीलाही दुकानातच कळायला हवं.